नायट्राइट जांभळ्यावरून हलतच नाही: नव्या रीफ टँकचं अडकलेलं सायकलिंग

रीफ टँक म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, आणि सायकलिंग म्हणजे मासे सोडण्याआधी त्यात अमोनिया आणि नायट्राइट खाणारे जीवाणू वाढवणं. असा टँक नव्याने लावणारे बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकाच जागी येऊन थांबतात. अमोनिया शून्यावर आलेला असतो, नायट्राइट तपासायची ट्यूब मात्र रोज गडद जांभळी, म्हणजे नायट्राइट भरपूर. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत आठ-दहा दिवस निघून जातात. मग दुकानदार जीवाणूंची आणखी एक बाटली गळ्यात मारतो, कोणी म्हणतं दगडच चुकीचे आहेत, आणि कोणीतरी हमखास सांगतं की एक डॅमसेल (छोटा, काटक समुद्री मासा) सोडून बघा, जगली तर टँक तयार. कृपा करून हे शेवटचं करू नका. अमोनियाने कल्ले भाजलेला मासा लगेच मरतोच असं नाही. तो काही दिवस पोहतो, खातोसुद्धा, आणि आपण निश्चिंत झाल्यावर मरतो. पाणी तपासायला किट मिळतं, त्यासाठी जीव पणाला लावायची गरज नाही.

डोंबिवलीतला माझा टँक तीन फूट बाय दीड बाय दीड, ड्राय रॉकवर, म्हणजे जीवाणू नसलेल्या कोरड्या दगडांवर, सुरू केलेला. नवव्या दिवशी अमोनिया गेला, आणि त्यानंतर पस्तिसाव्या दिवसापर्यंत नायट्राइट जागचा हलला नाही. तो सुटला कसा ते पुढे लिहितोच, पण एक गोष्ट आधीच सांगतो. सायकल अडकल्यासारखी वाटते तेव्हा जीवाणूच नाहीत असं फार क्वचित असतं. बहुतेक वेळा आपलं मोजणं चुकत असतं, नाहीतर त्या जीवाणूंना लागणारी एखादी साधी गोष्ट पाण्यात नसते. त्यामुळे पाकिटात हात घालण्याआधी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

आधी वहीत हिशेब मांडा

अमोनियाचा नायट्राइट होतो आणि नायट्राइटचा नायट्रेट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रत्येक टप्प्यावर आकडा वाढतो, हे कोणी सांगत नाही. १ पीपीएम (लिटरमागे एक मिलिग्रॅम) अमोनियाचा २.७ पीपीएम नायट्राइट होतो आणि त्याचा पुढे साधारण ३.६५ पीपीएम नायट्रेट. रेणूचं वजन वाढतं म्हणून हे होतं, त्यात दुसरं काही गूढ नाही.

आता माझा हिशेब बघा. जीवाणूंचं खाद्य म्हणून मी अमोनियाच्या २ पीपीएमच्या पाच मात्रा टाकल्या होत्या, म्हणजे १० पीपीएम अमोनिया. त्या सगळ्याचा नायट्राइट झाला तर २७ पीपीएम. माझ्या किटच्या रंगपट्टीवर शेवटचा चौकोन ५ पीपीएमचा. म्हणजे २७ वरून ८ वर उतरलं असतं तरी ट्यूब तितकीच जांभळी दिसली असती. मी रोज सकाळी गॅलरीत पांढरा कागद धरून ती ट्यूब बघत होतो आणि काहीच होत नाही म्हणून हताश होत होतो. उतार पडला असता तरी मला तो दिसणं शक्य नव्हतं.

मुलुंडचे एक काका कित्येक वर्षं खाऱ्या पाण्याचे टँक ठेवतात. त्यांना फोन केला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "थेंब पडल्या पडल्या, ट्यूब हलवायच्या आधीच जांभळं होतं का?" होत होतं. थेंब पाण्याला लागला की तळाशी जांभळा ढग उतरायचा, पाच मिनिटं थांबायचीही गरज नाही. "मग पट्टीच्या बाहेर आहे ते. दहापट पातळ करून मोज."

त्याची रीत अशी. मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज आणा. टँकचं अर्धा मिली पाणी ट्यूबमध्ये घ्या, त्यात ताजं कालवलेलं खारं पाणी साडेचार मिली घाला, मग नेहमीसारखे थेंब टाका. जो आकडा येईल त्याला दहाने गुणा. माझा रंग २ आणि ५ च्या मधे आला, पण २ ला चिकटून. म्हणजे टँकमध्ये वीस-पंचवीस पीपीएम. हिशेबाशी जुळलं. त्या दिवसापासून पातळ करून मोजू लागलो आणि निदान आपण कुठे आहोत ते कळायला लागलं.

याला जोडूनच एक गोष्ट. नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या टेस्टकडे बघूच नका. ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करतं आणि मग रंग मोजतं. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तोही त्यात धरला जातो आणि आकडा भलताच मोठा येतो. "नायट्रेट १६० आलाय, टँक तयार झाला का?" असा प्रश्न येतो तो इथूनच. उलट, नायट्राइट गेल्यावरही नायट्रेट शून्य दाखवत असेल, तर ज्या किटच्या दुसऱ्या बाटलीत भुकटी तळाशी बसते ती बाटली नीट हलवलेली नसते. मनगट दुखेपर्यंत, निदान अर्धा मिनिट हलवा. बाटली टेबलावर आपटून घेतली तरी चालेल.

अमोनिया टाकणं थांबवा

हा माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा आहे, आणि तो गोड्या पाण्याच्या पद्धती जशाच्या तशा उचलण्यातून होतो. "जीवाणूंना रोज खायला घाला" असा सल्ला मिळतो, आणि आपण एक दिवसाआड २ पीपीएम टाकत राहतो.

पाण्यातल्या एकूण अमोनियाचा काही भाग मोकळा अमोनिया असतो, बाकीचा अमोनियम. पीएच जितका वर तितका मोकळा भाग जास्त. ७ पीएचच्या गोड्या टँकमध्ये तो एक टक्कासुद्धा नसतो. रीफच्या ८.२ पीएचला आणि २५-२६ अंशांना तो सात टक्क्यांच्या आसपास जातो. नायट्राइट खाणारे जीवाणू या मोकळ्या अमोनियाला नाजूक असतात. ०.१ पीपीएमच्या पुढे ते मंदावायला लागतात. २ पीपीएमच्या सात टक्के म्हणजे ०.१४. म्हणजे दर मात्रेबरोबर आपण पहिल्या, अमोनिया खाणाऱ्या गटाला जेवण वाढतो आणि त्याच हाताने दुसऱ्या, नायट्राइट खाणाऱ्या गटाचा गळा आवळतो. पहिला गट जोमाने नायट्राइट करत राहतो आणि दुसरा वाढूच शकत नाही. वरून दिसतं ते एवढंच, की सायकल अडकली.

म्हणून सुरुवातीला २ पीपीएमची एक मात्रा. ती शून्यावर आली की दुसरी, हवी तर १ पीपीएमचीच. त्यानंतर नायट्राइट उतरेपर्यंत हात आवरायचा. पहिल्या गटाचे जीवाणू आठवडाभर उपाशी राहिले तरी मरत नाहीत. ती भीती मनातून काढून टाका.

मात्रेच्या मापाविषयी. १०० मिली आरओ पाण्यात ६.३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड विरघळवून बाटली भरून ठेवा. टँकच्या दर १०० लिटरला त्यातलं १० मिली टाकलं की २ पीपीएम होतो. १०० लिटर म्हणजे खरोखरचं पाणी. माझा टँक मापाने १९० लिटरचा, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी १५० लिटर. हा फरक न धरता मात्रा टाकली की २ च्या जागी अडीच होतात. आणि अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. लहानपणी कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथलाबरोबर टाकायचा आणि पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, तोच. म्हणून काही जण बाजारातला नवसागराचा खडा आणतात. तसं करू नका. त्यात काय काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही आणि पुढे याच पाण्यात प्रवाळ ठेवायचे आहेत. रसायनं विकणाऱ्या दुकानात शुद्ध, प्रयोगशाळेच्या प्रतीचं मिळतं आणि एका बाटलीत कित्येक टँक होतात.

फॉस्फेट: ज्याचा संशय कोणालाच येत नाही

अमोनिया टाकणं थांबवून चार दिवस झाले तरी माझा नायट्राइट पंचविसाच्या खाली येईना. काकांनी विचारलं फॉस्फेट किती. मी अभिमानाने सांगितलं, शून्य. ड्राय रॉक स्वच्छ धुतलेले, पाणी डीआयचं (रेझिनमधून गाळून क्षार पूर्ण काढलेलं), टँकमध्ये खाण्याचा कणही पडलेला नाही. ते म्हणाले, "तेच तर दुखणं आहे."

जीवाणू नायट्राइटपासून ताकद मिळवतात, पण त्यांना नवी पेशी बांधायला फॉस्फरस लागतोच. मासा सोडून किंवा कोळंबी कुजवून सायकल केली तर तो आपोआप मिळतो. शुद्ध अमोनिया, शुद्ध पाणी आणि कोरडे दगड एवढंच असेल तर तो कुठून यायचा? मग जीवाणू असतात तितकेच राहतात, वाढत नाहीत.

उपाय अगदी साधा. माशांच्या फ्लेक खाद्याची एक चिमूट बोटांनी चुरून टाका, तीन-चार दिवसांनी आणखी एक. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या मधे आला की पुरे. मी पस्तिसाव्या दिवशी पहिली चिमूट टाकली. दोन दिवसांनी पातळ केलेल्या टेस्टमध्ये प्रथमच रंग उतरलेला दिसला, सहाव्या दिवशी पातळ न करता मोजता आलं, आणि आठव्या दिवशी ट्यूब आकाशी, म्हणजे नायट्राइट शून्य. घरातल्या सगळ्यांना गॅलरीत बोलावून ती दाखवली होती.

प्राणवायू आणि अल्कलिनिटी

२ पीपीएम अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला साधारण साडेसात पीपीएम ऑक्सिजन खर्च होतो. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात एका वेळी मावतो साडेसहाच्या आसपास. म्हणजे जेवढा मावतो त्याहून जास्त लागतो, आणि तो पृष्ठभागावरून सतत आत यायला हवा. वेव्हमेकरचं (पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाचं) तोंड थोडं वर करा, पाण्याचा वरचा थर थरथरताना दिसला पाहिजे. मासे नाहीत म्हणून रात्री पंप बंद ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. सायकलच्या काळात पंप चोवीस तास हवा. आमच्याकडे वीज जायची तेव्हा बॅटरीवरचा छोटा एअर पंप कामाला आला.

मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडे पाणी ३१-३२ अंशांवर जातं. जीवाणूंना ते सोसतं, पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्पीभवन वाढतं, म्हणून रोज गोडं आरओ पाणी घालून क्षारता ३५ पीपीटीवर (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ) राखा. पुण्या-नाशिककडे डिसेंबरात उलटी अडचण. पाणी २० च्या खाली गेलं की सगळं रेंगाळतं, तिथे हीटर लावावाच लागतो.

अल्कलिनिटीही, म्हणजे पीएच टिकवून धरणारी पाण्याची ताकद, खर्च होते. २ पीपीएमच्या एका मात्रेमागे साधारण ०.७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक). पाच मात्रांत साडेतीन गेले तर आठाचे साडेचार होतात, पीएच उतरतो आणि काम मंदावतं. मोजा, आणि सातच्या खाली असेल तर खाण्याचा सोडा विरघळवून घाला. १०० लिटरला ३ ग्रॅमने १ डीकेएच वाढतो. एका दिवसात एवढंच. बेकिंग पावडर वेगळी, ती नको.

अमोनियाच उतरत नसेल तर

हे दुखणं निराळं आहे. दोन आठवडे झाले आणि अमोनिया तसाच, नायट्राइटचा मागमूस नाही, अशा वेळी दोन-तीन शक्यता असतात.

कोळंबी कुजवण्याची पद्धत वापरली असेल तर बहुधा अमोनिया ५ च्या वर गेलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात जाळीच्या पिशवीत बांधलेली कोळंबी दोन दिवसांत विरघळायला लागते, घरभर वास, आणि किती अमोनिया सुटला याला काही माप नाही. उरलेली कोळंबी काढा, तळातली घाण सायफनने ओढा, आणि आकडा २-३ वर येईल इतकं पाणी बदला. पाणी बदललं तर जीवाणू वाहून जातील ही भीती नको. ते दगडाला, वाळूला, काचेला चिकटलेले असतात, पाण्यात फार थोडे.

दुसरी शक्यता बाटलीची. नायट्रिफाय करणारे जीवाणू बीजाणू बनवत नाहीत. उन्हात तापलेल्या कुरियरच्या गाडीत आठवडाभर फिरलेल्या बाटलीत फारसं काही जिवंत उरत नाही. शक्यतो थंडीत मागवा, किंवा फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या दुकानातून हातोहात आणा. लेबल वाचा. नुसतं बॅसिलस लिहिलेलं असेल तर ते गाळ खाणारे जीवाणू, हे काम त्यांचं नाही. गोड्या पाण्यासाठीची बाटलीही नको. टाकल्यावर दोन-तीन दिवस यूव्ही (जंतू मारणारा दिवा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवा.

बाटलीपेक्षा माझा भरवसा जुन्या टँकवर जास्त आहे. ओळखीतल्या कोणाचा टँक वर्षभर निरोगी चालू असेल तर त्याच्या सम्पमधला (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतला) मूठभर दगडाचा चुरा ओल्या कपड्यात गुंडाळून त्याच दिवशी आपल्या टँकमध्ये टाका. अमोनिया खाणारा एक सूक्ष्मजीव, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळा करून वाढवला. तो त्यांना सापडला सिॲटलच्या मत्स्यालयातल्या एका उष्ण कटिबंधी समुद्री टँकमध्ये. तो जीवाणूही नव्हे, आर्किया नावाच्या निराळ्या कुळातला. चालत्या टँकच्या दगडावर काय काय वस्तीला असतं याची यावरून कल्पना येते, आणि ते सगळं बाटलीत भरलेलं नसतं.

आणि तिसरं, ०.२५ चा हिरवट रंग. अमोनिया २ वरून उतरला, पण शेवटचा ०.२५ जाता जात नाही. ताजं कालवलेलं खारं पाणी घ्या आणि त्याचीच टेस्ट करा. तेही तितकंच हिरवट आलं तर तो किटचा किंवा मिठाचा रंग आहे, टँकमध्ये काही बिघडलेलं नाही. दोन्ही ट्यूब शेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पिवळंही हिरवं दिसतं.

पाणी आणि दगड

घरातल्या प्यायच्या आरओचं पाणी वापरत असाल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजा. चव राहावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्यामुळे पन्नास-साठ टीडीएस सहज येतो. त्याने सायकल थांबत नाही, पण सिलिकेट आणि फॉस्फेट येऊन पुढे तपकिरी शेवाळ पिच्छा सोडत नाही. खरा धोका तांब्याच्या कार्ट्रिजचा आहे. आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडणारी यंत्रं हल्ली घरोघरी आहेत. माणसाला ते चालतं, पण गोगलगाय, झिंगे, प्रवाळ यांना तांबं म्हणजे विष, आणि ते दगडात मुरून बसतं. रीफसाठी ते पाणी एक बादलीसुद्धा नको. डीआय रेझिनचं वेगळं भांडं जोडून शून्य टीडीएसचं पाणी घ्या.

"मालवणहून लाइव्ह रॉक आणतो", म्हणजे समुद्रातून जीवांसकट काढलेला प्रवाळाचा दगड, असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. खडे प्रवाळ आणि सागरी पंखे यांना आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, समुद्रातून ते काढणं गुन्हा आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ज्या गोष्टीच्या प्रेमापोटी आपण हा टँक मांडतो, तीच तोडून घरी आणायची, हे मला सहन होत नाही. ड्राय रॉकला दोन महिने जास्त लागतात, लागू द्या.

झालं हे कसं ओळखायचं

२ पीपीएम अमोनिया टाका. चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य, किंवा अगदी फिकट आला, की काम झालं. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट माशाच्या कल्ल्यांतून फारसा आत शिरत नाही, म्हणून गोड्या पाण्याइतका तो इथे घातक नाही. थोडा उरला म्हणून महिनाभर थांबायची गरज नाही. पण पातळ करूनही पट्टीच्या मधे येत असेल तर थांबा, कारण दुसरा गट अजून उभा राहिलेला नाही.

मग नायट्रेट मोजा. माझा पस्तीसच्या आसपास आला होता. साठ टक्के पाणी बदलून पंधरावर आणला. याच सुमारास वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी धरते. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, चार-सहा आठवड्यांत आपसूक ओसरतात. तपकिरी दिसलं म्हणून सायकल पुन्हा पहिल्यापासून करू नका, आणि शेवाळ मारायच्या औषधाला तर हातही लावू नका.

पहिल्यांदा मी समुद्रातून न पकडता टँकमध्येच पैदास केलेली ऑसिलॅरिस क्लाऊन माशांची जोडी आणली, सातव्या आठवड्यात. पहिला आठवडा दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकं खाणं, आणि रोज संध्याकाळी अमोनिया. तिसऱ्या दिवशी हलका हिरवा दिसला, ताज्या खाऱ्या पाण्याशी ताडून पाहिला, दोन्ही सारखेच निघाले. पुढचा मासा तीन आठवड्यांनी. पहिला मऊ प्रवाळ चौथ्या महिन्यात, तोही अल्कलिनिटी सलग तीन आठवडे साडेआठवर टिकल्याचं वहीत दिसल्यावर.